विकलेले खेळ, पुरलेली स्मृती

गरीब देशांतील जनतेचा पुळका बड्या कंपन्यांना अधूनमधून येतो. तो आला की एखादी स्वस्त वस्तू निघते, 'विकसनशील जगासाठी खास' अशी तिची भलामण होते आणि अपेक्षेइतका नफा हाती लागला नाही की दोन-तीन वर्षांत ती निमूटपणे गुंडाळली जाते. यात नवे काही नाही. नवे आहे ते गुंडाळण्याचे तंत्र. पूर्वीचा दुकानदार दुकानाला टाळे लावून निघून जाई, पण विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी राही. आजची कंपनी जाताना विकलेल्या वस्तूतील प्राणही काढून नेते. आणि पुढे कोणी त्या वस्तूत पुन्हा प्राण फुंकू लागला, तर त्याला चोर ठरविण्याचा हक्क मात्र राखून ठेवते. 'झीबो' नावाच्या एका फसलेल्या व्हिडिओ गेम यंत्राची हकीकत या नव्या मालकीहक्काचे खरे रूप उघडे पाडते. ते यंत्र वाशीमच्या बाजारात कधी आले नाही. तरीही त्याचा धडा वाशीमच्या कार्यकर्त्यांनी गिरविला पाहिजे.

अमेरिकेतील क्वालकॉम ही दूरसंचार क्षेत्रातील बलाढ्य कंपनी आणि ब्राझीलमधील टेकटॉय ही खेळणी व व्हिडिओ गेम विकणारी कंपनी यांच्या भागीदारीतून २००९ साली झीबो ब्राझीलच्या बाजारात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मेक्सिकोत पोहोचला. भारत आणि चीन हे पुढचे मुक्काम असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांची यंत्रे या देशांतील सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत, हे हेरून ४९९ रेआल किमतीचे हे यंत्र पुढे करण्यात आले. त्यात तबकडी नव्हती, कॅसेटही नव्हती. मोबाइल फोनचेच तंत्र आत बसविलेले. थ्री-जीच्या जाळ्यातून खेळ विकत घ्यायचा आणि यंत्राच्या पोटातील एक गिगाबाइटच्या साठ्यात ठेवायचा, अशी व्यवस्था होती. पन्नास-साठ खेळ त्यावर निघाले. काही मोबाइलवरून उचललेले, काही जुन्या गाजलेल्या खेळांची रूपांतरे, तर 'झीबो एक्स्ट्रीम' मालिकेसारखे काही केवळ याच यंत्रासाठी घडविलेले. २०११ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. खेळ पुरविणारे जाळे बंद झाले. भारताचा मुक्काम आलाच नाही.

कुलूप कोणासाठी?

खेळ केवळ जाळ्यातूनच का विकायचे, याचे समर्थन कंपनीने त्या वेळी उघडपणे केले होते: या देशांत चोरट्या प्रतींचा सुळसुळाट आहे, तबकडी दिली की तिची नक्कल होणार, म्हणून तबकडीच नको. म्हणजे ज्या जनतेच्या नावाने यंत्र काढले, तीच जनता स्वभावतः चोर आहे हे गृहीत धरूनच त्याची रचना झाली. या गृहीतकाची किंमत कोणी मोजली? चोरट्याने नव्हे, त्याने झीबो विकतच घेतला नव्हता. किंमत मोजली ती ब्राझील-मेक्सिकोतील त्या प्रामाणिक गिऱ्हाइकांनी, ज्यांनी पैसे भरून खेळ घेतले. यंत्रातला साठा बिघडला की त्यांचे खेळ गेले. पुन्हा उतरवून घेण्याची सोय नाही, दुसऱ्या यंत्रात घालण्याची नाही, शेजाऱ्याला उसने देण्याची तर नाहीच.

याच्या शेजारी भारतातील अनुभव ठेवून पाहावा. १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला पुढे भारतभर विकल्या गेल्या. विदर्भातील तालुक्याच्या बाजारपेठांत आणि यात्रांत टीव्हीला जोडण्याचे हे खेळ आणि त्यांच्या रंगीत कॅसेटी दोन दशके मांडलेल्या असत. 'मारिओ' आणि 'काँट्रा' ही नावे खेड्यातील मुलांना ठाऊक झाली ती या नकलांमुळे. त्या बेकायदा होत्या, निकृष्ट होत्या, त्यांवर लिहिलेली खेळांची संख्याही बहुधा खोटी असे. परंतु आजही अडगळीतून अशी कॅसेट काढली, तिची पितळी टोके पुसली, तर ती चालण्याचा संभव आहे; आणि ती चालली नाही तरी तिच्यातील खेळ जगात शेकडो ठिकाणी जतन झालेला आहे. कायदेशीर झीबोचे खेळ मात्र विस्मृतीच्या कडेवर उभे आहेत. 'चोरीच्या' मालाने टिकविले आणि 'कायद्याच्या' मालाने बुडविले, ही विसंगती केवळ गमतीची नाही. जे हातात घेता येते, उसने देता येते, ज्याची प्रत करता येते, तेच टिकते, हा इतिहासाचा नियम तिच्या मुळाशी आहे.

भारताच्या नशिबी झीबो आला असता तर काय झाले असते? केंद्र सरकारने २०१० साली थ्री-जी लहरींचा लिलाव करून सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळविले आणि खासगी कंपन्यांची थ्री-जी सेवा त्या वर्षाच्या अखेरीस सुरू होऊ लागली, तीही मोठ्या शहरांतून. म्हणजे वाशीम, मानोरा, मालेगावपर्यंत ते जाळे धडपणे पोहोचण्याआधीच झीबोचे दुकान मिटलेले असते. १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघालेला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या 'आकांक्षित' म्हणजे सरळ भाषेत मागास जिल्ह्यांच्या यादीत बसलेला हा जिल्हा अशा प्रयोगांचा शेवटचा गिऱ्हाईक आणि पहिला बळी ठरतो.

राखून ठेवण्याचा हक्क

या प्रश्नाचे मर्म वाशीमच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्यासाठी संगणकाची भाषा लागत नाही. हा सोयाबीनचा जिल्हा आहे. सोयाबीनचे बी सरळ वाणाचे. चांगल्या शेतातले दाणे निवडून, वाळवून, पोत्यांची उंच थप्पी न लावता जपून ठेवले की पुढच्या मृगाला पेरता येते. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन बियाणे ठिकठिकाणी उगवले नाही आणि दुबार पेरणीची पाळी आली, त्यानंतर कृषी खात्यानेच उगवणशक्ती तपासून घरचे बियाणे वापरण्याचा आग्रह धरला. उलट संकरित बीटी कापसाचे बी दरवर्षी कंपनीकडूनच विकत घ्यावे लागते. राखलेले बी पुढच्या वर्षी तसे पीक देत नाही. घरचे सोयाबीन आणि कंपनीचा कापूस यांत जो फरक, तोच कॅसेट आणि झीबो यांत आहे. एकात वस्तूबरोबर ती राखण्याची शक्ती मिळते. दुसऱ्यात वस्तू मिळते, पण नाळ कंपनीच्या हातातच राहते.

आणि येथेच कायद्याचा एक दाखला हाती येतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याने वाण काढणाऱ्याची मालकी मान्य केली, परंतु त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा पूर्वापार हक्क अबाधित ठेवला. नाममुद्रेखाली विकण्याची तेवढी मनाई केली. म्हणजे मालकाचा हक्क आणि राखणाराचा हक्क एकाच कायद्यात शेजारी नांदू शकतात, हे भारतीय संसदेने मान्य केलेले तत्त्व आहे. मग बियाण्याला लागू असलेले हे तत्त्व पुस्तकाला, चित्रपटाला आणि संगणकीय कृतीला का लागू नसावे?

प्रताधिकार कायदा, १९५७ उघडून पाहिला म्हणजे याचे उत्तर मिळते आणि ते संतापजनक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये जतनासाठी एक सवलत घातली गेली. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवू शकते. अट एवढीच की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत त्या ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे. आता जी कृती जन्मतःच डिजिटल आहे, जिची कागदी वा अन्य प्रत कधी अस्तित्वातच नव्हती, तिचे काय? जिला जतनाची सर्वांत अधिक गरज, तीच या सवलतीबाहेर! ज्या घराला दारच नाही त्याची किल्ली हाती देण्याचा हा प्रकार आहे. त्याच दुरुस्तीने कलम ६५ अ आणले: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. हेतू कोणता होता, हे ठरणार न्यायालयात. तोवर 'ड' वर्गातील ग्रंथालयाचा तुटपुंज्या मानधनावर राबणारा ग्रंथपाल हा धोका कशासाठी पत्करील?

मुदतीचा हिशेबही पाहावा. संगणकीय आज्ञावली ही कायद्याने वाङ्मयीन कृती; तिचा प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. २००९ साली लिहिलेला खेळ २०७० पूर्वी मुक्त होणे शक्यच नाही. तो ज्या साठ्यात आहे, त्या चिपची विद्युत्-स्मृती इतकी वर्षे टिकेल याची हमी कोणीही देत नाही. कायद्याची कैद संपेल तेव्हा कोठडीत कैदी जिवंत नसेल.

लिपी आणि वाचक

या कैद्याला वाचविण्याची धडपड जगातील काही हौशी तंत्रज्ञ करीत आहेत. उरल्यासुरल्या झीबो यंत्रांच्या पोटातील साठा बाहेर काढून त्याची प्रत करणे, हा कामाचा पहिला भाग. पण प्रत करून भागत नाही; ती आज्ञावली झीबोच्या प्रक्रियकाला आणि क्वालकॉमच्या 'ब्रू' या मोबाइल-प्रणालीलाच समजते. म्हणून आजच्या संगणकावर त्या मृत यंत्राचे वागणे हुबेहूब उभे करणारी दुसरी आज्ञावली लिहावी लागते. हिलाच इम्युलेटर म्हणतात. जुना खेळ विचारतो, 'पडद्यावर हे चित्र कसे काढू?' आणि इम्युलेटर मूळ यंत्राच्या वतीने त्याला उत्तर देतो. अशा हजारो प्रश्नांची उत्तरे पुनःपुन्हा पडताळून शोधावी लागतात.

वाशीमला हे काम परके वाटू नये. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच हे वाशीम. परंतु त्या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व इतिहासकारांना कळले ते १९३९ साली येथे ताम्रपट सापडल्यावर. तांबे टिकले म्हणून पुरावा उरला, आणि ती लिपी वाचणारे अभ्यासक होते म्हणून पुरावा बोलला. दोहोंपैकी एक नसते तर राजघराणे अज्ञातच राहिले असते. मोडीचे उदाहरण तर कालपरवाचे आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि दप्तरांतील जुने कागद उलगडू लागले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कागद होते, वाचक दुर्मीळ झाले होते. ज्या लिपीला कालबाह्य म्हणून शाळेतून हद्दपार केले, तिच्यावर हजारो कुटुंबांचे हक्क अवलंबून निघाले. इम्युलेटर म्हणजे मेलेल्या यंत्राचा मोडी-वाचक होय. आज ज्याला कोणी निरुपयोगी म्हणेल, त्याची उद्या कोणाला कशासाठी गरज पडेल, हे आज ठरविण्याचा अधिकार मालकालाही नाही आणि बाजारालाही नाही.

इम्युलेटर लिहिणे हा गुन्हा नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. भारतीय कायदा आज्ञावलीचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी यांना मुभा देतो. अमेरिकेतही २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनविण्यासाठी केलेला अभ्यास न्याय्य ठरविला. पण खटला हरलेल्या सोनीने पुढे काय केले? २००१ मध्ये ती आज्ञावलीच कनेक्टिक्सकडून विकत घेतली आणि बंद करून टाकली. न्यायालयात जे साधले नाही ते थैली सोडून साधले. बाजारातील स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप मालकांचा: आमची वस्तू, आम्ही ठेवू किंवा मोडू. परंतु ती वस्तू विकून पैसे घेतले होते. शिवाय तिच्यात प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार यांचे श्रम गोठलेले आहेत. भांडवल गुंतविणाऱ्याने आपला तोटा ताळेबंदात लिहून हिशेब मिटविला; श्रमणाऱ्याच्या कामाची मात्र खूणही राहू नये, हा कोणता न्याय? जो खेळ मालक आज विकत आहे, त्याच्या फुकट प्रती वाटून कलावंतांची मिळकत बुडवावी, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो मालकाने स्वतःच मारून टाकलेल्या कृतीचा. तिच्या जतनाने कोणाची चूल विझते?

दुसरा आक्षेप बाजारवाद्यांचा: यंत्र फसले, म्हणजे लोकांनीच त्याला नाकारले. पण विकले न जाणे आणि जतनाला अपात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यशस्वी खेळांचीही अवस्था निराळी नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. तरीही संशोधकांना ग्रंथालयातील जतन केलेले खेळ दुरून पाहता यावेत एवढी साधी सवलतही अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. उद्योगाने तिला कडाडून विरोध केला होता. विकायचे नाही आणि राखूही द्यायचे नाही, हे बाजाराचे नव्हे, जमीनदारीचे तत्त्वज्ञान आहे. पडीक ठेवीन, पण कसू देणार नाही, असे म्हणणाऱ्या जमीनदाराला महाराष्ट्रातील चळवळीने काय उत्तर दिले होते, ते सर्वश्रुत आहे.

तिसरा आक्षेप घरातला आहे, म्हणून अधिक गंभीर. ज्या जिल्ह्याचे नाव २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून आले, जिथे सोयाबीनला हमीभाव मिळविण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते, तिथल्या कार्यकर्त्याने पोरखेळांच्या जतनाची चिंता का वाहावी? या प्रश्नातील कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. भारतीय मूकपटही एके काळी हलकी करमणूक मानले गेले. बोलपट येताच त्यांच्या फिती टाकून देण्यात आल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यास १९६४ उजाडले. तोवर फार उशीर झाला होता. १९३१ चा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तमाशालाही प्रतिष्ठितांनी असभ्य ठरविले होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी त्याचे लोकनाट्य केले, तेव्हा त्याची ताकद दिसली. जनतेची करमणूक क्षुल्लक समजण्याची सवय वरच्या वर्गाची. कष्टकऱ्यांच्या पक्षाने ती उसनी घेऊ नये.

आणि हा प्रश्न खेळांपुरता उरलेलाही नाही. खेळ हे केवळ सर्वांत आधी बुडालेले गलबत. मुलांचे धडे, पुस्तके, गाणी, चित्रपट आता कोणाच्या तरी सर्व्हरवरून, कोणाच्या तरी मर्जीने घरात येतात. झीबोबाबत जे घडले ते उद्या वर्गातील टॅबलेटबाबत घडू शकेल: कंपनी बुडाली, कंत्राट संपले, जाळे तुटले आणि गावाच्या हाती काळा पडदा राहिला. श्रीमंतांची मुले नवे यंत्र घेतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले त्या काळ्या पडद्यासमोर बसतील.

मागण्या आणि काम

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली: कलम ५२ मधील 'बिगर-डिजिटल प्रत' ही अट रद्द करावी आणि सार्वजनिक ग्रंथालयांस व संग्रहालयांस जन्मतः डिजिटल कृती जतनासाठी साठविण्याचा, त्यासाठी कुलूप उघडण्याचा व इम्युलेटरद्वारे वाचकाला जागेवर दाखविण्याचा निःसंदिग्ध हक्क द्यावा. दुसरी: १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात व अन्य ठरावीक ग्रंथालयांत जमा करणे बंधनकारक केले; तोच नियम भारतात विकल्या जाणाऱ्या संगणकीय कृतींना लावावा. तिसरी: जाळ्यावर अवलंबून असलेली वस्तू विकणाऱ्या कंपनीने सेवा बंद करताना ती वस्तू स्वतंत्रपणे चालेल अशी सोय ग्राहकाला करून द्यावी. या मागण्या स्वप्नाळू नाहीत. 'द क्रू' हा खेळ २०२४ मध्ये बंद पडल्यावर युरोपातील खेळाडूंनी याच तिसऱ्या मागणीसाठी मोहीम उभारली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या जमविल्या.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मात्र कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अडगळीतील खेळयंत्रे, कॅसेटी, तबकड्या, जुने मोबाइल फोन भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी गोळा करता येतील. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणती वस्तू कितीला मिळे याच्या नोंदी ठेवता येतील. गावच्या ग्रंथालयात त्यासाठी एक कपाट मागता येईल. महाविद्यालयातील संगणक शिकणाऱ्या मुलांना या कामाशी जोडता येईल. घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याच्या जिल्ह्यात राखण्याची कला नव्याने शिकवावी लागत नाही. ती आपली मिरास नसून आपला हक्क आहे, एवढेच सांगावे लागते. आणि ते सांगण्यासाठीच चळवळ असते.